पैसे कापले, पैसे आले, पैसे मिळाले: सोलापुरातल्या एका चादर-युनिटचं क्रेडिट कार्ड प्रकरण

अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत आठ मागांचं एक युनिट आहे. जेकार्ड चादरी आणि टर्किश टॉवेल निघतात. धंदा प्रोप्रायटरशिपचा, मालक साठीतले. घरात आणि कारखान्यात सगळे त्यांना अण्णा म्हणतात. बराचसा माल चाटी गल्लीत, म्हणजे सोलापूरच्या कापडबाजारात जातो, वटाव (सूट) कापून आणि नव्वद दिवसांच्या बोलीवर. सूनबाईंनी वूकॉमर्सवर (ऑनलाइन दुकान चालवायचं सॉफ्टवेअर) साइट उभी केल्यापासून महिन्याला साठ-सत्तर ऑर्डरी थेट गिऱ्हाइकाकडून येऊ लागल्या. सरासरी ऑर्डर २,६४० रुपयांची, म्हणजे दोन डबल चादरी. पैसे यूपीआयने किंवा थेट खात्यावर.

क्रेडिट कार्ड हवं असं वाटायला एक लॉज कारण झालं. त्यांना ४८ टॉवेल हवे होते, पण खरेदी फक्त कंपनीच्या कार्डावर करायची मुभा होती. त्याआधी दिवाळीच्या भेटींसाठी दोन ऑफिसांनी हेच विचारलं होतं. महिनाअखेरीला टोपली भरून शेवटच्या पानावरून परत जाणारे वेगळेच. युनिटचं नाव इथे दिलेलं नाही, कुठल्या पेमेंट गेटवेशी (गिऱ्हाइकाचे ऑनलाइन पैसे घेऊन दुकानाच्या खात्यावर पोचवणारी कंपनी) करार झाला तेही मुद्दाम गाळलं आहे. इथे जे अडलं ते कुठेही अडू शकतं.

दर परवडतो का

गेटवेचा दर होता देशी क्रेडिट कार्डाला २ टक्के आणि त्या फीवर १८ टक्के जीएसटी. २,६४० च्या ऑर्डरवर फी ५२.८० रुपये, जीएसटी ९.५०, हातात २,५७७.७०. "शंभराला दोन रुपये छत्तीस पैसे? कशाबद्दल?" हा अण्णांचा पहिला प्रश्न.

उत्तर त्यांनीच चलनाच्या पाठीमागे मांडलं. बँकेचं कॅश क्रेडिट (धंद्यासाठीचं फिरतं कर्ज) १२ टक्क्यांनी धरलं तर चाटी गल्लीच्या नव्वद दिवसांचं व्याजच जवळपास ३ टक्के होतं, वटाव त्यावर वेगळा. कार्डाचे पैसे दोन कामाच्या दिवसांत खात्यावर. शिवाय जीएसटीची नियमित नोंदणी असल्यामुळे ते ९.५० इनपुट क्रेडिटमध्ये, म्हणजे भरायच्या जीएसटीतून वजा होऊन, परत मिळतात. मग दराचा विषय तिथेच मिटला.

इथे एक गोष्ट पुष्कळांच्या लक्षात येत नाही. कंपोझिशन योजनेतल्या (उलाढालीवर ठराविक दराने सोपा जीएसटी भरणाऱ्या) व्यापाऱ्याला हे क्रेडिट मिळत नाही, आणि त्याला राज्याबाहेर माल विकताच येत नाही. साइट उघडली की बेंगळुरूची ऑर्डर आज ना उद्या येणारच. नोंदणीच नसलेल्यांची गत तीच: ४० लाखांच्या उलाढालीपर्यंत नोंदणी नको ही सवलत राज्यातल्या राज्यात माल विकणाऱ्याला आहे. करपात्र माल राज्याबाहेर गेला की उलाढाल कितीही असो, नोंदणी लागते. हस्तकलेच्या ठराविक वस्तूंना सूट आहे, यंत्रमागाची चादर त्यात बसत नाही. त्यामुळे गेटवेच्या अर्जाआधी सीए गाठलेला बरा.

दर एकच नसतो, प्रकारानुसार मागून घ्यावा लागतो. यूपीआय आणि रुपे डेबिट कार्डावर १ जानेवारी २०२० पासून एमडीआर (व्यापाऱ्याकडून कापली जाणारी फी) शून्य आहे. इतर डेबिट कार्डांना रिझर्व्ह बँकेने कमाल मर्यादा घातली आहे: वर्षाची उलाढाल २० लाखांपर्यंत असेल तर ०.४० टक्के आणि एका व्यवहाराला जास्तीत जास्त २०० रुपये, त्यापुढे ०.९० टक्के आणि १,००० रुपये. क्रेडिट कार्डाला अशी मर्यादा नाही, तिथे घासाघीस चालते. रुपे क्रेडिट कार्ड यूपीआयला जोडून क्यूआरवर दिलं तर लहान व्यापाऱ्याला २,००० रुपयांपर्यंत एमडीआर लागत नाही. त्यावरच्या रकमेला लागतो. क्यूआरवरून आलं म्हणजे फुकट आलं असं समजून चालू नये. या करारात अमेक्स, डायनर्स आणि कंपनी कार्डांना ३ टक्के होते. म्हणजे ज्या लॉजमुळे हा घाट घातला, त्याचंच कार्ड सगळ्यांत महाग पडलं.

कार्डवाल्याकडून वरचे २ टक्के वेगळे घ्यायचा विचार झाला आणि सोडून दिला. डेबिट कार्डावर असा अधिभार रिझर्व्ह बँकेला मान्य नाही, आणि क्रेडिट कार्डासाठी गेटवेच्या करारातच मनाई होती. त्याऐवजी हिशोब असा घातला: एक तृतीयांश विक्री कार्डावर धरली तर एकूण विक्रीवर बोजा पाऊण टक्क्याच्याही आत, म्हणजे २,६४० च्या ऑर्डरमागे साधारण १८ रुपये. भाव ऑर्डरमागे वीसेक रुपयांनी चढवले. एकाही गिऱ्हाइकाने विचारलं नाही.

नाव जुळेना

सगळ्यात जास्त दिवस इथे गेले. कोडिंग एका दुपारचं होतं, कागदपत्रांना तीन आठवडे लागले.

पहिला अर्ज सूनबाईंनी स्वतःच्या पॅनवर भरला, खातं स्वतःचं बचत खातं, आणि जीएसटी क्रमांक मात्र युनिटचा. दोन दिवसांत नामंजूर. कारण उघड आहे: पंधरा अक्षरांच्या जीएसटी क्रमांकातली पहिली दोन राज्याची, महाराष्ट्राला २७, आणि तिसऱ्यापासून बाराव्यापर्यंतची दहा अक्षरं म्हणजे मालकाचा पॅन. अर्जातला पॅन आणि ही दहा अक्षरं एक नसतील तर अर्ज पुढे जातच नाही. साइट कोण चालवतं याच्याशी गेटवेला देणंघेणं नसतं. बिल कुणाच्या नावाने फाटतं ते तो बघतो.

दुसरा अर्ज अण्णांच्या नावाने. तो वेगळ्याच ठिकाणी अडकला. रद्द केलेल्या चेकवर फक्त दुकानाचं नाव छापलेलं, पॅनवर अण्णांचं. दोन्ही एकाच माणसाचे हे दाखवणारा कागद हवा होता. जीएसटीचं प्रमाणपत्र, म्हणजे फॉर्म आरईजी-०६, यासाठी चालतं, कारण त्यावर कायदेशीर नाव आणि व्यापारी नाव दोन्ही असतात. त्याच्या जोडीला बँकेकडून खाते उताऱ्यावर 'प्रोप्रायटर अमुक' असं लिहून, सही-शिक्क्यासह घेतलं. पॅनवर आडनाव शेवटी आणि आधारवर आधी, हा फरक चालून गेला. आद्याक्षर एकीकडे पूर्ण आणि एकीकडे अर्धवट असतं तर चाललं नसतं.

मग आधार. पडताळणीचा ओटीपी आधारला जोडलेल्या मोबाइलवर जातो, आणि तो नंबर अण्णांनी कधीच बंद केलेला. आधार केंद्रावर जाऊन नंबर बदलणं आणि तो बदल चढण्याची वाट पाहणं यात अकरा दिवस गेले. गेटवे, प्लगिन (साइटला गेटवे जोडणारं सॉफ्टवेअर), वेबसाइट यांपैकी कशालाही हात लावण्याआधी मालकाच्या आधारचा मोबाइल चालू आहे का हे तपासलं असतं तर हे अकरा दिवस वाचले असते.

नोंदणीचा मोबाइलही अण्णांचाच दिला होता. आठ माग चालू असताना खिशातला फोन वाजलेला कुणाला ऐकू येतो? ओटीपीची मुदत दहा मिनिटांची. सूनबाई घरून लॉगिन करायच्या, कारखान्यात फोन करायच्या, तो उचलला जायचा नाही, मग शेजारच्या शेडमधल्या पोराला पिटाळायच्या. चार दिवसांनी नीट सोय केली: मालकाचं लॉगिन वेगळं, सूनबाईंना टीम सदस्य म्हणून वेगळं. त्यांना ऑर्डरी बघता येतात, रिफंड देता येतो, पेमेंट लिंक काढता येते. बँक खातं बदलता येत नाही. ते एकट्या मालकाच्या हाती ठेवावं. खातं बदलण्याचा अधिकार चार जणांकडे असला की एक दिवस पैसे भलतीकडे वळतात आणि कुणी वळवले ते सापडत नाही.

याच काळात व्हॉट्सॲपवर एक ऑफर आली: एक टक्का, केवायसी नको, आजच सुरू. असं कुणी देत असेल तर तो तुमचे पैसे दुसऱ्याच कुणाच्या खात्यातून फिरवणार, हे धरून चालावं. रिझर्व्ह बँकेने मार्च २०२० मध्ये पेमेंट ॲग्रिगेटरसाठी, म्हणजे दुकानदारांसाठी असे पैसे गोळा करणाऱ्या कंपन्यांसाठी, नियम आणले. त्यांना परवानगी लागते आणि गिऱ्हाइकाचे पैसे बँकेतल्या एस्क्रो (फक्त त्याच कामासाठी वेगळ्या राखलेल्या) खात्यात ठेवावे लागतात. परवानगी मिळालेल्यांची यादी रिझर्व्ह बँकेच्या संकेतस्थळावर आहे. तिथे नाव बघून मगच कागद द्यावेत.

साइटवरची पानं

गेटवेचा माणूस साइट उघडून पाहतो: किमती रुपयांत आहेत का, पत्ता आणि फोन आहे का, गोपनीयता, अटी, माल पाठवणं, रद्द करणं आणि पैसे परत करणं यांची पानं आहेत का. इथे पानं होती, पण कुठल्याशा चपलांच्या दुकानाकडून उचललेली. 'साइज बसला नाही तर बदलून देऊ' आणि खाली 'दिल्लीच्या न्यायालयाचं अधिकारक्षेत्र'. अर्ज परत आला.

नव्याने लिहिताना तळाला मालकाचं कायदेशीर नाव, पूर्ण पत्ता पिनसह, जीएसटी क्रमांक आणि तक्रार अधिकाऱ्याचं नाव घातलं. हे शेवटचं गेटवेसाठी नाही. ग्राहक संरक्षण ई-कॉमर्स नियम २०२० तसं सांगतात, तक्रारीची पोच ४८ तासांत आणि निवारण एका महिन्यात. माल किती दिवसांत निघेल यात 'तीन दिवसांत' असं ठोकून दिलं होतं. जानेवारीत सिद्धेश्वराची यात्रा असते, गड्डा (यात्रेची जत्रा) भरतो, कारखान्यात माणूस उभा राहत नाही. त्या दिवसांसाठी वेगळी ओळ टाकली. पुढे वाद झाला तर बँक हेच पान वाचून निकाल देते, म्हणून पाळता येईल तेवढंच लिहायचं.

जोडणी

कार्ड क्रमांक स्वतःच्या साइटवर कधीच घ्यायचा नाही. गेटवेचं स्वतःचं पान किंवा त्याने दिलेली खिडकी उघडावी, क्रमांक तिथेच भरला जावा. असं केलं की पीसीआय-डीएसएसचं (कार्डाच्या माहितीच्या सुरक्षेचे नियम) काम सगळ्यात छोट्या, एसएक्यू-ए या प्रश्नावलीवर भागतं. १ ऑक्टोबर २०२२ पासून दुकानदाराने कार्ड क्रमांक साठवणं बंदच आहे. 'कार्ड लक्षात ठेवा' म्हटलं की टोकन (कार्ड क्रमांकाऐवजी वापरायचा सांकेतिक क्रमांक) तयार होतं, ओळखीपुरते शेवटचे चार आकडे दिसतात. या युनिटमध्ये एक घाऊक गिऱ्हाईक फोनवरून कार्ड क्रमांक सांगायला तयार होतं आणि वही उघडलीही होती. ते थांबवलं. अशा वेळी पेमेंट लिंक काढून पाठवावी, चोवीस तासांची मुदत घालून. खरं तर ज्यांचा धंदा अजून व्हॉट्सॲपवरच आहे त्यांनी नुसत्या लिंकवर सुरुवात करावी, साइट मागाहून.

वूकॉमर्सला गेटवेचं प्लगिन बसतं, त्यात की आणि सीक्रेट (गेटवेने दिलेली ओळख आणि तिचा गुप्त संकेत) घालायचं. चाचणीचं वेगळं, प्रत्यक्षाचं वेगळं. चाचणीत ४१११ ११११ ११११ ११११ या सोळा आकड्यांच्या प्रसिद्ध खोट्या व्हिसा क्रमांकाने ऑर्डर करून बघता येते. बहुतेक जण यशस्वी व्यवहार बघतात आणि खूश होतात. बघायचे असतात बाकीचे दोन: नाकारलेला व्यवहार, आणि पैसे भरून झाल्या झाल्या ब्राउझर बंद केला तर काय होतं ते. मग शेवटी स्वतःच्या खऱ्या कार्डावर दहा रुपयांची ऑर्डर टाकून तिचा रिफंडही करून पाहावा.

इथे तीन गोष्टी बिघडल्या.

पहिली पैशांची, शब्दशः. प्लगिन स्वतः रकमा सांभाळतं, पण घाऊक ऑर्डरच्या पानासाठी साइट करणाऱ्या मुलाने वेगळं बटण लिहिलं होतं. बऱ्याच गेटवेंना रक्कम पैशांत द्यावी लागते: २,६४० रुपये म्हणजे २६४०००. त्याने २६४० पाठवलं. गिऱ्हाइकाकडून २६ रुपये ४० पैसे कापले गेले आणि ऑर्डर 'पेड' झाली. सूनबाईंनी पॅकिंगआधी रक्कम पाहिली म्हणून दोन चादरी वाचल्या. दुरुस्ती एका शून्याची नाही, दोन शून्यांची; आणि त्यासोबत सर्व्हरवर एक तपासणी घातली की भरलेली रक्कम ऑर्डरच्या रकमेशी जुळली तरच ऑर्डर पुढे सरकेल.

दुसरी जास्त दिवस छळत राहिली. गिऱ्हाईक पैसे भरतं, बँकेच्या पानावर ओटीपी टाकतं, परत येताना नेटवर्क जातं. साइटला कळतच नाही. म्हणून गेटवे स्वतंत्रपणे सर्व्हरला निरोप पाठवतो, त्याला वेबहुक म्हणतात. चाचणीत वेबहुक चालला होता. प्रत्यक्षावर आल्यावर की बदलली, सीक्रेट बदललं, पण वेबहुक चाचणीच्या बाजूलाच नोंदलेला राहिला. प्रत्यक्षाच्या बाजूला तो नव्याने, वेगळ्या सीक्रेटने नोंदवावा लागतो. त्यात वूकॉमर्सची एक सवय भर घालते: पैसे न आलेली ऑर्डर ते मूळ सेटिंगप्रमाणे ६० मिनिटांनी आपोआप रद्द करतं. त्यामुळे कार्डावरून पैसे गेलेले, गेटवेकडे जमा, आणि साइटवर ऑर्डर रद्द. आठवड्याभरात अशी चार गिऱ्हाइकं फोनवर ओरडली. वेबहुक नोंदवल्यावरही पहिले दोन निरोप परतले, कारण पत्त्यात डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू नव्हतं आणि साइट त्या पत्त्यावरून दुसरीकडे वळवत होती. पत्ता अगदी शेवटचा, जसाच्या तसा द्यावा. आणि एकच निरोप दोनदाही येतो, तेव्हा दुसऱ्यांदा आला म्हणून दुसरं पार्सल निघू नये याचीही सोय हवी.

तिसरी चूक समजून-उमजून केलेली. कार्डाचा व्यवहार दोन टप्प्यांत होतो: बँक रक्कम अडवून ठेवते, आणि मग दुकानदार ती उचलतो. सूनबाईंनी प्लगिनमध्ये 'फक्त मंजुरी' निवडलं, माल निघाला की उचलू या विचाराने. विचार सचोटीचा, पण उचलायला कुणी बसलं नाही. मुदत संपली आणि तीन ऑर्डरींचे पैसे गिऱ्हाइकांकडे परत गेले. त्यांपैकी दोघांकडे तोवर माल पोचला होता. दोघांनीही लिंकवर पुन्हा पैसे भरले, पण तो त्यांचा भलेपणा. लहान दुकानाने मंजुरी आणि उचल एकत्रच ठेवावी. माल नसेल तर रिफंड द्यावा.

कार्ड नाकारल्याच्या तक्रारींपैकी बऱ्याच साइटच्या नसतात. २०२० पासून नवं कार्ड ऑनलाइन वापरासाठी बंदच येतं, ते धारकाने बँकेच्या ॲपमधून चालू करायचं असतं. वयस्कर गिऱ्हाईक हमखास इथे अडतं. फोनवर सांगायचं वाक्य साधं आहे: "काका, बँकेच्या ॲपमध्ये कार्डाच्या सेटिंगमध्ये ऑनलाइन व्यवहार चालू करा आणि पुन्हा प्रयत्न करा." पैसे कापले पण दुकानाला निरोपच पोचला नाही असं असेल, तर रिझर्व्ह बँकेच्या सप्टेंबर २०१९ च्या परिपत्रकाप्रमाणे व्यवहारानंतर पाच दिवसांत ते आपोआप परत जायला हवेत, त्यापुढे दिवसाला १०० रुपये भरपाई. हे सांगितलं की आवाज खाली येतो.

"बाकीचे कुणी खाल्ले?"

सुरू झाल्यावर दुसऱ्या आठवड्यात अण्णा पासबुक घेऊन बसले. "सूनबाई, नऊ हजार दोनशे चाळीसचा माल गेला. बँकेत सहा हजार चारशे तेरा. बाकीचे कुणी खाल्ले?"

कुणीच नाही. पण हा प्रश्न प्रत्येक युनिटमध्ये पडतो, म्हणून तो दिवस इथे पूर्ण उलगडतो. त्या दिवशीच्या सेटलमेंटमध्ये, म्हणजे गेटवेने खात्यावर पाठवलेल्या एकत्र रकमेत, तीन ऑर्डरी होत्या. पहिली २,६४० ची क्रेडिट कार्डावर, फी आणि जीएसटी मिळून ६२.३० गेले, उरले २,५७७.७०. दुसरी १,३२० ची यूपीआयवर, पूर्ण आली. तिसरी ५,२८० ची क्रेडिट कार्डावर, फी १०५.६०, जीएसटी १९.०१, उरले ५,१५५.३९. तिन्हींची बेरीज ९,०५३.०९. त्याच दिवशी आधीच्या आठवड्यातल्या एका २,६४० च्या ऑर्डरचा रिफंड दिला होता. गेटवे रिफंड वेगळा मागत नाही, येणाऱ्या पैशातून वळता करतो. ९,०५३.०९ वजा २,६४० म्हणजे ६,४१३.०९. बँकेत ही एकच ओळ दिसते, ऑर्डरींचे क्रमांक नाहीत.

परत केलेल्या ऑर्डरची फी मात्र परत येत नाही. ५२.८० कायमचे गेले. रंग फिका वाटला म्हणून आलेला तो रिफंड होता. मरून रंगाचा फोटो ट्यूबलाइटखाली काढलेला. त्यानंतर फोटो सकाळच्या उन्हात, शेडच्या दारात काढायला लागले. फीचा आणि फोटोचा संबंध असा.

वहीत कसं घालायचं यावर गाडी पुन्हा घसरली होती. सुरुवातीला ६,४१३.०९ हीच विक्री म्हणून लिहिली जात होती. ते चूक आहे आणि जीएसटीच्या वेळी महागात पडतं. विक्री पूर्ण ९,२४० ची, कर त्यावर. रिफंडची २,६४० ची क्रेडिट नोट वेगळी. गेटवेची फी १५८.४० खर्चात, त्यावरचा जीएसटी २८.५१ इनपुटला. गेटवे महिन्याला स्वतःचं कर-बिल काढतो, ते उतरवून सीएकडे द्यावं लागतं. आपोआप कुणी पाठवत नाही. आता दर सोमवारी सेटलमेंटचा अहवाल एक्सेलमध्ये उतरवतात आणि त्याच्या शेजारी साइटच्या ऑर्डरी आणि बँकेचा उतारा लावतात. तीन याद्या, ऑर्डर क्रमांकावर जुळवलेल्या. अर्ध्या तासाचं काम आहे. महिनाभर साठवलं की दोन दिवसांचं होतं आणि एखादी ऑर्डर तरीही हुकते.

वाद

खात्यावर आलेले कार्डाचे पैसे अजून पक्के नसतात. धारक आपल्या बँकेकडे तक्रार करू शकतो, आणि व्हिसा-मास्टरकार्डच्या बहुतेक प्रकारांत त्याला साधारण १२० दिवस मिळतात. म्हणजे चाटी गल्लीच्या नव्वदपेक्षाही लांब उधारी; फक्त आधी पैसे देऊन नंतर परत मागितले जाण्याची. चार महिन्यांत अशा दोन तक्रारी आल्या.

पहिली 'हा व्यवहार मी केलाच नाही' या कारणाची. खरं म्हणजे केला होता. कार्डाच्या बिलावर साइटचं नाव न दिसता अण्णांचं आडनाव-नाव दिसलं, आणि गिऱ्हाइकाच्या घरात ते कुणालाच ओळखीचं वाटलं नाही. व्यवहार ओटीपीने पक्का झालेला असल्यामुळे जबाबदारी कार्ड देणाऱ्या बँकेकडे गेली आणि पैसे राहिले. पण त्या काळात ती रक्कम रोखून धरलेली होती. आता बिलावर दिसणारं नाव गेटवेकडून बदलून घेतलं आहे, आणि ऑर्डरच्या मेलमध्ये एक ओळ आहे: तुमच्या कार्डाच्या बिलावर अमुक नाव दिसेल.

दुसरी तक्रार मात्र युनिट हरलं. ५,२८० ची ऑर्डर, 'माल मिळाला नाही'. कुरिअरच्या नोंदीत 'डिलिव्हर्ड' होतं, पण सही नव्हती. पार्सल सोसायटीच्या गेटवर ठेवलेलं. अशा तक्रारीत ओटीपीचा उपयोग नसतो. कार्ड त्याचंच होतं यावर वाद नाही, माल त्याला मिळाला का हा प्रश्न आहे. कागद द्यायला सात दिवस होते. पाचव्या दिवशी ती मेल अण्णांच्या इनबॉक्समध्ये सापडली. बिल आणि ट्रॅकिंगचा स्क्रीनशॉट दिला, तेवढ्याने भागलं नाही. ५,२८० गेले, चादरीही गेल्या.

आता ४,००० वरचं पार्सल ओटीपी दाखवल्याशिवाय हाती देऊ नये अशा सेवेनेच जातं. स्पीड पोस्टात १ ऑक्टोबर २०२५ पासून ही सोय ५ रुपये अधिक जीएसटी एवढ्यात आहे. वादाच्या मेल अण्णांना, सूनबाईंना आणि सीएला तिघांनाही जातात. प्रत्येक ऑर्डरचं बिल, पावतीचा क्रमांक, पॅकिंगआधीचा वजनकाट्यावरचा फोटो आणि गिऱ्हाइकाशी झालेलं व्हॉट्सॲपचं बोलणं एका फोल्डरमध्ये सहा महिने राहतं. वजनकाट्याचा फोटो ही अण्णांची कल्पना. चादर कमी आली म्हणणाऱ्याला तोच दाखवायचा.

परदेशी कार्डं मात्र अजून बंद ठेवली आहेत. भारतातल्या कार्डावर ओटीपी किंवा तशी दुसरी खात्री रिझर्व्ह बँकेच्या नियमाने होते, परदेशातल्या बँकेला तो नियम लागू नाही. चोरलेल्या कार्डाची ऑर्डर आली तर नुकसान दुकानाच्या माथी येऊ शकतं. वर ३ टक्के फी, आणि माल बाहेर पाठवायला आयईसी, म्हणजे आयात-निर्यातीचा नोंदणी क्रमांक. आखातातून सोलापूरकरांचे फोन येतात, गावाकडच्या चादरी हव्या असतात. सध्या त्यांचे इथले भाऊ नाहीतर मेहुणे लिंकवर पैसे भरतात आणि दुबईला जाणाऱ्या कुणाच्या तरी बॅगेतून चादर जाते.